नकाशात नसलेली खोली : बेळगावात वाढीव बांधकामाचं घर घेताना

बेळगावात घर दाखवणारा माणूस तुम्हाला तळमजल्यावर फार वेळ थांबू देत नाही. चहा यायच्या आत जिन्याकडे नेतो. "वरती दोन खोल्या हायत बघा. संडास-बाथरूम सेपरेट. कॉलेजची पोरं ठेवली तर बँकेचा हप्ता तिथूनच निघतो की." या दोन खोल्या मंजूर नकाशात आहेत का, असं विचारलं की चेहरा जरा उतरतो. "ओ काका, अख्ख्या बेळगावात कुणाच्या हायत?"

तो अगदीच खोटं बोलत नाही. शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ, कंग्राळी, कुठल्याही गच्चीवर उभं राहून चारी बाजूंना नजर टाका. गच्चीवर पत्र्याची शेड, मागची मोकळी जागा झाकून काढलेली मोरी, पार्किंगला शटर लावून केलेला गाळा, गटारीवर उतरलेला जिना. वडगाव-खासबागेत तर मागच्या अंगाला कापड विणायच्या मागांची शेड असायची; माग बंद पडले आणि शेडीत भिंती घालून भाडेकरू बसले.

आम्ही चंदगडकडचे. 2016 साली अनगोळात घर घेतलं. पुढे जे लिहितोय त्यातलं निम्मं तेव्हा ठाऊक नव्हतं आणि उरलेलं निम्मं ठाऊक असून डोळेझाक केली. चंदगड, आजरा, गडहिंग्लज किंवा गोव्याकडून येऊन इथे पहिल्यांदा घर घेणाऱ्यांसाठी हे आहे. माझा हिशेब एकाच गोष्टीवर उभा आहे: कागदावर जेवढं घर आहे तेवढ्याचेच पैसे द्यायचे. उरलेलं बांधकाम फुकट मिळालं असं धरायचं आणि ते उद्या गेलं तरी झोप उडू नये, अशाच भावात व्यवहार करायचा.

आधी शब्द बदला

शिनोळी ओलांडून या किंवा कोगनोळीवरून, आपले महाराष्ट्रातले शब्द तिथेच ठेवावे लागतात. सातबाऱ्याच्या जागी इथे आरटीसी, म्हणजे पहणी. बोलताना सगळे 'उतारा'च म्हणतात. महाराष्ट्राचा 2001 चा गुंठेवारी कायदा इथे चालत नाही. गुंठ्यावर प्लॉट घेतला, दंड भरला आणि नियमित झाला, हे तिकडचं गणित इथे लावू नका.

कागद कन्नडमध्ये असतात. घाबरू नका, पण सहा-सात शब्द ओळखीचे करून घ्या. कट्टड म्हणजे इमारत, परवानगी म्हणजे परवानगीच, नक्षे म्हणजे नकाशा, तेरिगे म्हणजे कर, विस्तीर्ण म्हणजे क्षेत्रफळ, चेक्कुबंदी म्हणजे चतुःसीमा आणि ऋणभार म्हणजे बोजा. पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण जसेच्या तसे. जुन्या कागदांवर आकडे कानडी असतात. तेवढे दहा आकडे एका दुपारी शिकून होतात आणि सर्व्हे नंबर स्वतः ताडून बघता येतो.

1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता. त्यामुळे जुन्या पेठेतल्या घरांची मूळ कागदपत्रं मराठीत असतात, कधी मोडीतही. ती वाचता येणारा वकील मिळाला तर सोडू नका. कन्नड, मराठी आणि मोडी असं तिन्ही जाणणारी माणसं आता कमी होत चालली आहेत. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल कुठल्याही बाजूने लागला तरी तुमच्या मागच्या मोरीचा सेटबॅक, म्हणजे सोडायची मोकळी जागा, तोच राहणार आहे.

घर कुणाच्या हद्दीत, ते पहिलं विचारा

हा प्रश्न पोरकट वाटतो, पण पुढचं सगळं यावर ठरतं. महापालिकेची हद्द, बुडाचा (नगरविकास प्राधिकरणाचा) लेआऊट, कॅन्टोन्मेंट आणि शहराला चिकटलेल्या ग्रामपंचायती हे सगळं इथे एकमेकांत गुंतलेलं आहे. रस्त्याच्या या बाजूला पालिका, त्या बाजूला पंचायत, असंही होतं. निपाणीला नगरपालिका, खानापूरला पट्टण पंचायत; तिथली कार्यालयं वेगळी.

कॅम्पातलं घर असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी जमीन कुणाची ते बघा. कॅन्टोन्मेंटमध्ये 'ओल्ड ग्रँट'ची मिळकत असते, तिची जमीन सरकारची आणि तुमच्याकडे फक्त बांधकाम. नोंद जनरल लँड रजिस्टरमध्ये असते. परवानगी न घेता एक खोली वाढवली तरी 2006 च्या कॅन्टोन्मेंट कायद्याच्या कलम 248 खाली बोर्ड ती पाडायची नोटीस देऊ शकतं. तिथला अनुभव असलेल्या वकिलाशिवाय संचकार, म्हणजे इसार, करू नका.

ग्रामपंचायतीत ई-स्वत्तूचे, म्हणजे पंचायतीच्या ऑनलाइन नोंदीचे, उतारे बघायचे. नमुना 9 आणि 11-अ असेल तर मिळकत गावठाणातली किंवा रीतसर बिगरशेती झालेली आहे. 11-ब हातात आला तर समजायचं की पंचायत पट्टी घेते, पण मिळकत नियमाच्या चौकटीबाहेरची आहे. येळ्ळूर, धामणे, हिंडलगा या बाजूला शेतात पडलेल्या गुंठ्यांवर बांधलेल्या घरांत हा फरक नीट तपासा. जमीनच शेती असेल, म्हणजे 1964 च्या भूमहसूल कायद्याच्या कलम 95 खालची एन.ए. (बिगरशेती) ऑर्डर नसेल, तर वरचा मजला राहू दे, खालच्या मजल्यालाही आधार नाही.

आणि 'बाँडवरचं घर' कितीही स्वस्त मिळालं तरी नको. शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर लिहून, वटमुखत्यार देऊन मालकी येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 2011 सालीच स्पष्ट केलं आहे. यावर चर्चा नको, उठून यायचं.

पट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे

इथेच बहुतेक जण फसतात, आम्हीही फसलो. मालक फाईल उघडतो. दहा वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या, नळपट्टी, हेस्कॉमची म्हणजे वीज कंपनीची बिलं. "वरच्या मजल्याची पण पट्टी भरतोय की आम्ही!" ऐकायला भरभक्कम वाटतं.

कर्नाटकाच्या महापालिका कायद्यातच बेकायदा बांधकामावर जादा घरपट्टी लावण्याची सोय आहे, आणि पट्टी घेतली म्हणून ते बांधकाम कायदेशीर ठरत नाही. पालिकेचा महसूल विभाग पैसे घेतो, टाऊन प्लॅनिंग विभाग नकाशा बघतो. दोघांच्या टेबलांत भिंत आहे असं समजा. खात्याचंही तेच. 2024 च्या अखेरीपासून ई-खात्याशिवाय खरेदी नोंदवून घेत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं की ई-खाता झाला म्हणजे घर शुद्ध झालं. खाता म्हणजे पट्टी कुणी भरायची त्याची नोंद. 2025 साली राज्यभर बी-खात्याची मोहीम निघाली, त्यात अनधिकृत लेआऊटमधल्या मिळकतींनाही नंबर मिळाले. म्हणून नुसतं 'खाता हाय' यावर थांबू नका. कुठला, ते बघा.

मागायचे कागद हे: बांधकाम परवाना, त्यासोबतचा शिक्क्याचा मंजूर नकाशा, आणि काम पूर्ण झाल्याचा किंवा राहायला परवानगीचा दाखला. शेवटचा दाखला जुन्या घरांत क्वचित सापडतो. नसला तर व्यवहार मोडायची गरज नाही, पण भावात तो मोजा. जुन्या पेठेत याशिवाय सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे सीटीएस नंबरचा उतारा आणि त्याचा नकाशा. तिथल्या मोजमापापेक्षा घर रुंद भरलं तर ते जादा फूट गल्लीचे आहेत किंवा शेजाऱ्याचे.

मालक 'नकाशा हरवला' म्हणाला तर पालिकेत किंवा बुडात प्रमाणित प्रत मागा. तो टाळाटाळ करत असेल तर माहिती अधिकारात तुम्ही स्वतः मागू शकता. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. कर्नाटकात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, आणि तो कन्नड किंवा इंग्रजीत द्या. झेरॉक्सच्या झेरॉक्सवर मात्र विश्वास ठेवू नका. आमच्या वेळची प्रत इतकी फिकट होती की जिना कुठे आणि मोरी कुठे ते भिंगाने बघावं लागलं, आणि तरी आम्ही मान डोलावली.

बोजा तपासायला नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर ऋणभार प्रमाणपत्र मिळतं. लोक ईसी म्हणतात. ऑनलाइन नोंदी 1 एप्रिल 2004 पासूनच्या आहेत, त्याआधीच्या उपनोंदणी कार्यालयातून काढाव्या लागतात. तीस वर्षांचा काढा. हे काम वकील करतो, त्यावर जास्त लिहीत नाही.

टेप घेऊन जा

नकाशा हातात आला की पन्नास फुटी टेप, एक मदतनीस आणि जमल्यास ओळखीचा इंजिनिअर घेऊन एक सकाळ त्या घरात घालवा. तीन गोष्टी मोजायच्या. प्लॉटच्या चारी बाजूंना सोडायची जागा, म्हणजे सेटबॅक, नकाशात किती आणि प्रत्यक्षात किती. मजले किती मंजूर, किती उभे. आणि वापर: नकाशात पार्किंग लिहिलंय तिथे किराणा दुकान आहे का.

सगळ्या वाढीव बांधकामाचा धोका सारखा नसतो, आणि मध्यस्थ लोक सगळं एकाच पोत्यात घालतात. माझ्या मते सगळ्यात वाईट म्हणजे रस्त्यावर, गटारीवर किंवा नाल्यात गेलेलं बांधकाम. ते कधीच कागदावर येणार नाही. बळ्ळारी नाला किंवा लेंडी नाल्याच्या आसपासचं घर असेल तर ऑगस्ट 2019 मध्ये पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा. भिंतीवरची रेघ दाखवणारं कुणीतरी भेटतंच. त्या खालोखाल बाजूचा सेटबॅक खाऊन काढलेली खोली. तिथे पालिका झोपलेली असली तरी शेजारी जागा असतो. त्यानंतर नकाशाबाहेरचा पूर्ण मजला. गच्चीवरची पत्र्याची शेड त्या मानाने सौम्य. गेली तर एका दिवसात काढता येते आणि पत्रे विकता येतात.

शेजाऱ्याकडे मुद्दाम जा. खरेदीआधी एकदा तरी त्यांच्या कट्ट्यावर बसा. "तुमच्या बाजूची ही भिंत कधी चढली?" एवढंच विचारायचं. एखादी मावशी वर्षासकट सांगते, कुणाचं कुणाशी भांडण झालं तेही. बाजूच्या भिंतीतल्या खिडक्यांचं लक्षात ठेवा: 1882 च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे उजेड-वाऱ्याचा हक्क वीस वर्षांच्या अखंड वापरानंतर येतो. आठ वर्षांपूर्वी चढवलेल्या मजल्याच्या खिडकीपुढे शेजाऱ्याने उद्या भिंत बांधली तर तुम्हाला फार बोलता येणार नाही.

बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्तीसारखं केंद्राने संरक्षित केलेलं स्मारक जवळ असेल तर शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढे आणखी दोनशे मीटर परवानगीने. सांबऱ्याच्या विमानतळाकडे उंचीचं बंधन बघा.

भिंतीला विचारा

परवाना हा कागदाचा प्रश्न झाला. पण विनापरवाना मजल्यामागे बहुतेक वेळा इंजिनिअरही नसतो, हे लोक विसरतात. जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, मातीत रचलेल्या, वर मंगलोरी कौलं. त्या भिंतींचा जन्म कौलांचं ओझं उचलण्यासाठी झाला. पुढे कुणीतरी कौलं काढून स्लॅब ओतला, दहा वर्षांनी धाकट्याच्या लग्नाला त्यावर दोन खोल्या चढवल्या. खाली कॉलम नाहीत, पाया तोच.

बघायचं काय? जिथे जुनं आणि नवं बांधकाम भेटतं तो सांधा. तिथे उभी चीर असेल आणि तिच्यात नख शिरत असेल तर दोन भाग वेगवेगळे खचताहेत. खालच्या खोलीत छताच्या कोपऱ्यात पिवळे डाग, सळ्यांच्या रेषेत फुगलेलं प्लास्टर. नवा रंग दिलेला असेल तर जास्तच बघा. शक्य असेल तर घर जुलैत बघायला जा, आर्द्रा-पुनर्वसूच्या पावसात. बेळगावचा पाऊस स्लॅबबद्दल मालकापेक्षा खरं सांगतो. गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या दाखवून 'फ्युचरची सोय' म्हणतील. त्या उघड्यावर गंजतात आणि गंज खाली कॉलमात उतरतो.

'अक्रम-सक्रम येतंय की'

हे वाक्य तुम्ही हमखास ऐकणार, म्हणून जरा सविस्तर. अक्रम म्हणजे बेकायदा, सक्रम म्हणजे नियमित. कर्नाटक सरकारने नगररचना कायद्यात 76 एफएफ हे कलम घालून एक योजना आणली. 19 ऑक्टोबर 2013 पूर्वीचं बांधकाम, निवासी घरात पन्नास टक्क्यांपर्यंत आणि व्यापारी इमारतीत पंचवीस टक्क्यांपर्यंत नियमभंग, दंड भरा आणि सक्रम करून घ्या. नियम 2014 ला निघाले. उच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये योजना उचलून धरली आणि जानेवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. आमचं खरेदीपत्र त्याच्या थोडं आधीचं. मध्यस्थाने आम्हाला 'दिवाळीपर्यंत होतंय' असं सांगितलं होतं. कुठली दिवाळी ते विचारायचं राहिलं.

वारे तर उलट दिशेने वाहताहेत. 17 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं की केवळ खूप वर्षं झाली, पैसा गुंतला किंवा अधिकारी गप्प बसले म्हणून बेकायदा बांधकाम कायम करता येणार नाही. पूर्णत्वाचा दाखला बघूनच वीज-पाण्याची जोडणी द्यावी आणि बँकांनीही तो बघूनच कर्ज द्यावं. त्यामुळे जुन्या मीटरवर चालू असलेला वरचा मजला आणि नवा मीटर मागायला गेलेला वरचा मजला या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. वरच्या खोल्यांचा मीटर वेगळा आहे की खालच्याच मीटरवरून वायर ओढलीय, हे हेस्कॉमच्या बिलावरून ताडा.

पाडायची वेळ आली तर? महापालिका हद्दीत कलम 321 खाली आयुक्त आधी तात्पुरता आदेश आणि कारणं दाखवा नोटीस देतात, म्हणणं ऐकून मग तो कायम करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2024 च्या निकालाने पाडण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस सगळ्या देशात सक्तीची केली. रस्ता, फूटपाथ, नदी-जलाशयावरच्या अतिक्रमणाला मात्र ती सवलत नाही. नोटीस आज जो मालक आहे त्याच्या दारावर लागते. 'मी नाही, आधीच्याने बांधलं' हे उत्तर खरं असलं तरी भिंत वाचवत नाही.

बँक काय मोजते

आमचे डोळे इथे उघडले. बँकेचा व्हॅल्युअर आला, वर गेला, खाली आला, चहा घेतला. अहवालात लिहिलं: पहिला मजला मूल्यांकनात धरलेला नाही.

आकडे घेऊन बघू. भाव गल्लीगल्लीला बदलतो, हे फक्त समजण्यापुरते. तीस बाय चाळीसचा, म्हणजे 1200 चौरस फुटांचा प्लॉट, दर 3,000 धरला तर 36 लाख. मंजूर तळमजला 800 फूट, 1,800 ने 14 लाख 40 हजार. कागदावरचं घर झालं 50 लाख 40 हजारांचं. वर 500 फूट विनापरवाना मजला धरून मालक मागतो 65 लाख. तुम्ही घरी हिशेब केलेला असतो की 80 टक्के कर्ज, म्हणजे 52 लाख बँकेचे, 13 लाख आपले. बँक 50 लाख 40 हजारांवर 80 टक्के देते: 40 लाख 32 हजार. आता खिशातून 24 लाख 68 हजार काढा. जवळजवळ पावणेबारा लाखांचा खड्डा, तोही संचकार देऊन झाल्यावर कळलेला. दागिने, पीएफ, मेहुण्याकडून उसने, सगळं आम्ही केलं.

म्हणून क्रम उलटा करा. संचकार देण्याआधी बँकेत नकाशा आणि फोटो दाखवा आणि किती धरतील ते विचारा. कर्ज न घेणाऱ्यानेही हे करावं. उद्या तुमच्याकडून घेणाऱ्याला कर्ज लागणारच आहे.

भाव आणि संचकार

सगळं तपासून झाल्यावर चार वाटा उरतात. वाढीव भाग एफएआर (प्लॉटच्या प्रमाणात चालणारं बांधकाम) आणि सेटबॅकमध्ये बसत असेल, फक्त परवाना काढलेला नसेल, तर मालकाला सुधारित नकाशा मंजूर करून आणायला सांगा आणि खर्च त्याच्यावर ठेवा. ही सगळ्यात चांगली वाट, आणि कुणी फारशी वापरत नाही, कारण दोघांनाही घाई असते. बसत नसेल तर धोक्याचा भाग खरेदीआधी पाडून घ्या. तेही नको असेल तर भाव उतरवा. वरच्या उदाहरणात 50 लाखांपासून बोलणी सुरू करायची, 65 पासून नव्हे. वरच्या मजल्यासाठी चार पैसे जास्त द्यायचे ठरलेच तर तेवढेच द्या, जेवढे काही वर्षांच्या भाड्यातून परत येतील. चौथी वाट दाराबाहेरची.

संचकारपत्रात तीन गोष्टी लिहून घ्या. कुठला भाग मंजूर आणि कुठला नाही, फुटांसह. नोटीस, दावा, दंड काही प्रलंबित नसल्याचं मालकाचं निवेदन. आणि बँकेने कर्ज नाकारलं किंवा नकाशात तफावत निघाली तर संचकाराची रक्कम किती दिवसांत परत. पुढे काही झालं तर मालक भरपाई देईल अशी हमी वकील घालतोच. ती घाला, पण ती मालकाच्या खिशाइतकीच खोल असते. पैसे घेऊन तो पुण्याला मुलाकडे गेला की कुणाला धरणार? मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मालकावर दोष सांगायचं बंधन आहे, पण ते अशा दोषांचं जे घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने कळले नसते. नकाशा मागून कळणारी गोष्ट तुम्ही बघितली नाहीत तर न्यायाधीश तुम्हालाच विचारतील.

वरच्या खोल्यांत राहतंय कोण, तेही विचारा. आपल्याकडच्या लोकांना इथली लीजची पद्धत माहीत नसते: महिन्याचं भाडं नाही, एकरकमी मोठं डिपॉझिट, सोडताना पूर्ण परत. मालकाने ते केव्हाच खर्च केलेलं असतं. चावी घेताना लीजवाला तुमच्याकडे बघतो. घर रिकामं करून घ्या किंवा ती रक्कम भावातून वजा करा.

आणि घरातली माणसं मोजा. खालचं वडिलांच्या नावावर, वरचं 'धाकट्याने बांधलेलं', वाटणी तोंडी. नकाशात नसलेल्या मजल्याला स्वतंत्र खाता नसतो, म्हणून धाकट्याचं नाव कुठेच दिसत नाही, पण खरेदीच्या दिवशी तो उपनोंदणी कार्यालयाच्या पायऱ्यांवर येऊन उभा राहतो. भाऊ-बहिणी सगळ्यांच्या सह्या घ्या. बेंगळूरला दिलेल्या बहिणीचीही. एका मराठी आणि एका कन्नड दैनिकात जाहीर नोटीस द्या.

खरेदी आणि नंतर

खरेदीपत्रात घर आहे तसं लिहा. वरचा मजला लपवून स्टँप वाचवायचा सल्ला मिळेल. ऐकू नका, गाईडन्स व्हॅल्यूपेक्षा, म्हणजे सरकारी किमान दरापेक्षा, कमी दाखवल्याचं नंतर निघालं तर फरक तुमच्याकडूनच वसूल होतो. शहरात मुद्रांक शुल्क 5 टक्के, त्यावरचे सेस-सरचार्ज आणि 31 ऑगस्ट 2025 पासून 2 टक्के झालेली नोंदणी फी, मिळून 7.6 टक्के. पन्नास लाखांवर तीन लाख ऐंशी हजार. हे बँक देत नाही. पन्नास लाख किंवा त्यावरचा व्यवहार असेल तर 1 टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा असतो.

नोंदणीनंतर खाता, हेस्कॉमचा मीटर आणि नळजोडणी आपल्या नावावर करून घ्या. हे तीन अर्ज एकाच आठवड्यात टाका, नाहीतर आधीच्या मालकाची थकबाकी तुमच्या दारात येते.

चावीबरोबर मूळ कागदांची फाईल मागून घ्या, 'सापडली की देतो' यावर सही करू नका. आमच्या मालकाला मंजूर नकाशाची मूळ प्रत माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडली, व्यवहार होऊन चार महिन्यांनी. बिचाऱ्याने स्वतः आणून दिली. उलगडून बघितली तर जिना दुसऱ्याच बाजूला होता.